मॉल आले, अ‍ॅप आले. तरी शांघायची भाजी मंडई का उठली नाही?

सकाळी साडेसहाच्या सुमारास शांघायच्या एखाद्या जुन्या वस्तीत गेलात, तर दोन चाकांची कापडी ट्रॉली ओढत निघालेली साठी-सत्तरीतली माणसं दिसतात. सगळी एकाच दिशेला चाललेली. रस्ता संपतो तिथं ठेंगणी, पत्र्याच्या नाहीतर सिमेंटच्या छताची मंडई असते. आत पांढरे दिवे, ओली फरशी, टाक्यांत वळवळणारे मासे, आणि प्रत्येक गाळ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड.

भाजी घेऊन झाली की विक्रेता न मागता पिशवीत कांद्याच्या पातीच्या चार काड्या टाकतो. त्याचे पैसे नसतात. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या टाकतात, तसंच.

हे दृश्य ज्या शहरातलं आहे, तिथं मोबाईलवरून मागवलेली भाजी अर्ध्या तासात दारात येण्याची सोय जवळपास दहा वर्षांपासून आहे. अलीबाबाच्या ‘हेमा’ या साखळीचं पहिलं दुकान 2016 साली शांघायमध्येच उघडलं. ‘डिंगडोंग मायत्साय’ हे भाजीचं अ‍ॅप 2017 साली याच शहरात सुरू झालं. मॉल, हायपरमार्केट, अ‍ॅप, ग्रुप बाइंग, सगळं इथं होऊन गेलं. दर वेळी मंडई आता संपली असं सांगितलं गेलं, आणि दर वेळी ती थोडी बदलून पुन्हा उभी राहिली.

भारतात आता दहा मिनिटांत भाजी पोहोचवणाऱ्या कंपन्यांमुळे कोपऱ्यावरचा भाजीवाला टिकेल का, यावर वाद सुरू आहे. चीन या रस्त्यावरून आपल्या आधी गेला आहे. तिथं नेमकं काय घडलं?

आधी ही मंडई चालते कशी?

चिनी भाषेत तिला ‘त्साय शिछांग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः भाजी बाजार. पण मिळतं सगळंच. एका बाजूला पालेभाज्या, दुसरीकडे डुकराचं मांस, मग मासे आणि खेकडे, टोफूचा वेगळा गाळा, खारवलेली बदकाची अंडी, ताजे नूडल्स करून देणारं एखादं जोडपं. मासा टाकीतून काढून तुमच्यासमोर साफ करून मिळतो.

भाव किलोवर नसतो. माप ‘जिन’चं, म्हणजे अर्ध्या किलोचं. नवख्या माणसाला पाटीवरचा आकडा बघून भाजी स्वस्त वाटते, आणि पैसे देताना लक्षात येतं की तो भाव अर्ध्या किलोचा होता. भावाची पाटी लावणं बंधनकारक असल्यामुळे फार घासाघीस होत नाही. होते ती वरची चिल्लर सोडण्यापुरती.

मापात पाप मात्र तिथंही आहे. वजन वाढवून दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याला लोक ‘भुताचा काटा’ म्हणतात, आणि 2023 साली अशा काट्यांविरुद्ध देशभर सरकारी मोहीम झाली. म्हणून मंडईत एक सार्वजनिक काटा ठेवलेला असतो. संशय आला की पिशवी नेऊन तिथं ठेवायची. बऱ्याच मंडयांत गाळ्यावरचे काटे संगणकाला जोडलेले असतात आणि पावतीवर माल कुठून आला याचा कोड येतो. मांस आणि भाजीचा माग ठेवण्याची ही पद्धत वाणिज्य मंत्रालयानं 2010 मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत सुरू केली, त्यात शांघाय होतं.

खरेदीला जातं कोण? मुख्यतः निवृत्त माणसं. मुलगा-सून नोकरीवर, नातवंड शाळेत, आणि रोजची भाजी आजी-आजोबांकडे, असं घर शांघायमध्ये घरोघरी आहे. वयस्क बाईला विक्रेते ‘आयी’ अशी हाक मारतात. अर्थ मावशी, पण मराठी कानाला ‘आई’च ऐकू येतं. पुरुषही तितकेच दिसतात. शांघायचा नवरा भाजी आणतो, धुतो आणि शिजवतो, अशी त्याची चीनभर ख्याती आहे. बाकीच्या चीनमध्ये त्याची थट्टा होते आणि शांघायच्या बायका त्याचा अभिमान सांगतात. ‘आणणं, धुणं, शिजवणं’ या तीन क्रियापदांचा स्थानिक बोलीतला उच्चार ‘मा आडनावाची थोरली वहिनी’ या शब्दांसारखा होतो, म्हणून घरकाम करणाऱ्याला गमतीनं तेच नाव पडलं आहे.

मोसम तिथं फार पाळला जातो. वसंतात बांबूचे कोवळे कोंब आले की खारवलेलं आणि ताजं डुकराचं मांस घालून त्यांचा रस्सा घरोघरी होतो. शरद ऋतूत खेकडे येतात. ‘कोंबडीचं पीस’ अशा नावाची एक कोवळी पालेभाजी आहे. ती इतकी नाजूक, की सकाळी आणलेली संध्याकाळपर्यंत माना टाकते. अशी भाजी फोटो बघून घेण्यापेक्षा हातात धरून घ्यावी, हे पटवायला शांघायच्या माणसाला कुणी लागत नाही.

पैसे देणं मोबाईलवर. कोड स्कॅन झाला की छोटा स्पीकर रक्कम मोठ्यानं सांगतो. यूपीआय वापरणाऱ्या भारतीयाला यात नवल नाही. अडचण रोख पैसेवाल्यांची झाली होती. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं 2018 मध्ये रोख रक्कम नाकारणं बेकायदा असल्याचं जाहीर केलं, तरी नंतरही आदेश काढावे लागले. जुलै 2023 पासून परदेशी कार्डं अलिपे आणि वीचॅटला जोडता येतात, तेव्हापासून बाहेरच्या पाहुण्यांनाही मंडईत खरेदी करणं सोपं झालं आहे.

भाजी महागली तर महापौराला जाब

मंडई का टिकली याचं अर्धं उत्तर गाळ्यावर नाही, महापालिकेत आहे.

माओच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं शहरी माणसाला धान्य, तेल, मांस यासाठी कूपन लागायचं. धान्याची कूपनं 1993 पर्यंत चालली. भाजी सरकारी दुकानात मिळायची, ठरलेल्या भावानं आणि ठरलेल्या रांगेत. 1985 पासून भाजी आणि मांसाचे भाव खुले झाले. पुरवठा वाढला, पण भावही उसळले. 1988 साली महागाईचा दर 18 टक्क्यांच्या वर गेला आणि शहरांत लोकांनी साठेबाजीसाठी दुकानांवर झुंबड केली. पुढच्या वर्षीच्या तिआनानमेन आंदोलनामागे जी नाराजी होती, तिच्यात या महागाईचा मोठा वाटा होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच 1988 साली कृषी मंत्रालयानं ‘भाजीची टोपली’ नावाची योजना आणली. शहरांभोवती भाजी, अंडी, दूध, मासे यांचं उत्पादन वाढवायचं, घाऊक बाजार उभारायचे आणि शहरात विक्रीच्या जागा करायच्या. पुढे जबाबदारीची वाटणी झाली. तांदळाच्या पोत्याची जबाबदारी प्रांताच्या गव्हर्नरवर आणि भाजीच्या टोपलीची महापौरावर. 2017 साली तर महापौरांनी ही टोपली किती नीट सांभाळली, याचं मूल्यमापन करण्याचे नियम केंद्र सरकारनं काढले.

चीनमध्ये महापौर लोकांच्या मतांवर निवडून येत नाही. त्याची बढती पक्षाच्या हातात असते. म्हणून असं मूल्यमापन तिथं मतपेटीसारखंच काम करतं.

याचे परिणाम गाळ्यापर्यंत पोहोचतात. डिसेंबर 2010 पासून ताजी भाजी, फळं आणि जिवंत मासे नेणाऱ्या गाड्यांना देशभरच्या रस्त्यांवर टोल माफ आहे. 2012 पासून भाजीच्या घाऊक आणि किरकोळ विक्रीवर मूल्यवर्धित कर नाही. शानतोंग प्रांतातल्या शौक्वांगच्या पॉलिहाऊसमधली काकडी शेकडो किलोमीटर प्रवास करून शांघायच्या घाऊक बाजारात मध्यरात्री उतरते आणि सकाळी स्वस्तात विकली जाते, त्यामागे हे निर्णय आहेत. शहराच्या नियोजनातही मंडईला जागा आहे. शांघायनं 2016 मध्ये ‘पंधरा मिनिटांचं वस्तीवर्तुळ’ या कल्पनेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. घरापासून पंधरा मिनिटं चाललं की शाळा, दवाखाना, बाग आणि भाजी मिळाली पाहिजे, असं त्यात आहे.

टोपली हलली की सरकार किती दचकतं, ते 2019 मध्ये दिसलं. आफ्रिकन स्वाइन फीव्हरची साथ ऑगस्ट 2018 मध्ये चीनमध्ये आली आणि डुकरांचे कळप संपले. नोव्हेंबर 2019 मध्ये डुकराचं मांस आदल्या वर्षीच्या दुपटीहून महाग होतं, वाढ 110 टक्के. चीनमध्ये नुसतं ‘मांस’ म्हटलं तरी डुकराचं मांस असाच अर्थ घेतला जातो. त्यामुळे आपल्याकडे कांदा महागल्यावर दिल्लीत होतं तसंच तिथं झालं. सरकारनं गोठवलेल्या मांसाचा राखीव साठा बाजारात काढला. नाननिंग शहरानं काही मंडयांत माणशी एक किलोची मर्यादा घालून बाजारभावापेक्षा स्वस्त मांस विकलं.

पहिला घाव: “मंडई पाडा, सुपरमार्केट काढा”

सरकारला मंडईचं प्रेम होतं, असा याचा अर्थ नाही. सरकारला स्वस्त भाजी हवी होती. मंडई मात्र ओली, गोंगाटाची, वासाची, आणि ‘आधुनिक’ शहराच्या चित्रात न बसणारी. रस्त्यावर भरणारे भाजी बाजार आधी छताखाली नेण्यात आले. मग 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनेक शहरांत नवी टूम निघाली: मंडयांचं सुपरमार्केट करायचं.

ते फारसं जमलं नाही. सुपरमार्केटमध्ये वातानुकूलन, पॅकिंग, पगारी नोकर, आणि उरलेल्या मालाचं नुकसान हे सगळं भाजीच्या भावात येतं. मंडईतलं जोडपं पहाटे दोनला उठून घाऊक बाजारात जातं, दिवसभर गाळ्यावर बसतं आणि आपल्या कष्टाचा तासाला भाव लावत नाही. दुपारनंतर माल उरला तर स्वस्तात काढून मोकळं होतं. सुपरमार्केटचा मॅनेजर हे करू शकत नाही. शेवटी शांघायसारख्या शहरांनी दुसरा मार्ग धरला: मंडई ठेवायची, पण फरशी, गटारं, दिवे आणि काटे सुधारायचे.

दुसरा घाव: साथी, आणि ते वटवाघळाचं सूप

2020 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन व्हिडिओ फिरले. एकात तरुणी वटवाघळाचं सूप खाताना दिसायची. दुसऱ्यात वटवाघळं, उंदीर, साप मांडलेला बाजार, खाली ‘वुहान’ असं लिहिलेलं. पहिला व्हिडिओ 2016 सालचा आणि पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवरचा होता. दुसरा इंडोनेशियातल्या लांगोवान बाजाराचा. पण चीनची मंडई म्हणजे जंगली प्राण्यांचा बाजार, ही समजूत तेव्हा जी बसली ती अजून आहे.

‘वेट मार्केट’ हा शब्द सिंगापूर आणि हाँगकाँगच्या इंग्रजीतला. डाळी-कपडे विकणाऱ्या कोरड्या बाजारापेक्षा वेगळा, म्हणजे मासळी-भाजीमुळे फरशी ओली असणारा बाजार, इतकाच त्याचा अर्थ. त्या हिशेबानं दादरची किंवा मालवणची मासळी मंडईही वेट मार्केटच.

पण इथं चीनला सरसकट निर्दोष म्हणूनही चालणार नाही. वुहानच्या ह्वानान बाजारात जिवंत जंगली प्राणी विकले जात होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीत, मे 2017 ते नोव्हेंबर 2019 या काळात वुहानच्या बाजारांतल्या 17 दुकानांतून 38 प्रजातींचे 47 हजारांहून जास्त प्राणी विकले गेल्याची नोंद आहे. त्यात वटवाघळं नव्हती. करोनाचा उगम नेमका कुठं झाला, हा वाद अजून मिटलेला नाही. ह्वानान बाजार 1 जानेवारी 2020 ला बंद झाला आणि 24 फेब्रुवारीला जमिनीवरचे जंगली प्राणी खाण्यावर देशभर बंदी आली.

शांघायच्या मंडयांवर याआधीच एक मोठा बदल लादला गेला होता. मार्च 2013 मध्ये माणसांना एच7एन9 हा बर्ड फ्लू झाल्याचं आढळलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरानं जिवंत कोंबड्यांची विक्री थांबवली. आवडेल ती कोंबडी निवडून समोर कापून घ्यायची शांघायच्या घरांची सवय होती. लोक कुरकुरले आणि मग फ्रीजमधली कोंबडी घेऊ लागले. मंडई आरोग्याचे नियम पाळू शकते, फक्त ते पाळायला लावावे लागतात, हे तेव्हा दिसलं.

जून 2020 मध्ये बीजिंगच्या शिनफादी घाऊक बाजारात करोनाचे रुग्ण सापडले. राजधानीची सुमारे 80 टक्के भाजी-फळं याच बाजारातून जातात, असं सांगितलं जातं. बाजार बंद झाला, पण राजधानीची भाजी तुटली नाही. बाहेर तात्पुरत्या जागा करून ट्रक तिकडे वळवले गेले. टोपलीची जबाबदारी ती हीच.

तिसरा घाव, आणि कोबीवरून उठलेलं वादळ

सगळ्यात धोकादायक हल्ला 2020 च्या उन्हाळ्यात आला, आणि तो मोबाईलमधून आला.

पद्धत साधी होती. वस्तीतला एखादा दुकानदार किंवा गृहिणी वीचॅटवर शेजाऱ्यांचा ग्रुप करते. रात्रीपर्यंत लोक ऑर्डर टाकतात. कंपनी दुसऱ्या दिवशी सगळा माल एकगठ्ठा त्या ‘ग्रुपप्रमुखा’कडे टाकते आणि लोक तिथून उचलतात. घरपोच खर्च नाही, मागणी आधीच माहीत असल्यानं नासाडी कमी. करोनामुळे लोक घरात होते आणि ही कल्पना फोफावली.

मग पैसेवाले उतरले. जून ते ऑगस्ट 2020 या तीन महिन्यांत दीदी, मेइतुआन आणि पिंडुओडुओ या बड्या कंपन्यांनी आपापल्या सेवा सुरू केल्या, मागोमाग अलीबाबाही आली. भाजी, अंडी खरेदीभावापेक्षा स्वस्त. तोटा गुंतवणूकदारांच्या पैशातून. हेतू उघड होता: सवय लावायची, मंडई रिकामी करायची, मग भाव आपल्या हातात.

गाळेवाल्यांचं गिऱ्हाईक पळालं. काही घाऊक पुरवठादारांनी अ‍ॅपना माल देणं थांबवलं, कारण अ‍ॅपवरचा भाव त्यांच्या नेहमीच्या दुकानदारांना मारत होता.

11 डिसेंबर 2020 ला कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या ‘पीपल्स डेली’मध्ये एक टिपण आलं. त्याचा आशय असा: एवढा डेटा, एवढं तंत्रज्ञान हाताशी असलेल्या कंपन्यांनी कोबीच्या चार जुड्या आणि फळांच्या चार पाट्यांवर डोळा ठेवू नये, विज्ञानातल्या नव्या शोधांकडे बघावं. चिनी सोशल मीडियावर हे प्रचंड फिरलं. चीनमध्ये मुखपत्रातलं टिपण म्हणजे नुसतं मत नसतं, पुढं काय येणार याची सूचना असते. 22 डिसेंबरला बाजार नियामकानं अलीबाबा, टेन्सेंट, जेडी, मेइतुआन, पिंडुओडुओ आणि दीदी या सहाही कंपन्यांना बोलावून नऊ गोष्टींची मनाई ऐकवली. खरेदीभावाखाली विकून बाजार मारणं त्यात होतंच. मार्च 2021 मध्ये पाच सेवांना मिळून 65 लाख युआन दंड झाला.

दंड किरकोळ होता, त्या वेळच्या दरानं सात कोटी रुपयांच्या आसपास. या कंपन्यांच्या एका दिवसाच्या जाहिरातीइतका असेल-नसेल. पण त्याआधी काही महिने अँट ग्रुपचा आयपीओ सरकारनं ऐनवेळी रोखला होता, आणि पुढच्याच महिन्यात अलीबाबाला 18.2 अब्ज युआनचा दंड बसला. इशारा सगळ्यांना कळला. फुकटच्या भावानं विकणं थांबलं आणि ते थांबल्यावर या धंद्यात मूळचा नफा किती कमी आहे ते उघडं पडलं. छोट्या कंपन्या 2021 पासून बुडू लागल्या. घरपोच भाजीतली ‘मिसफ्रेश’ जून 2021 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात आली आणि जुलै 2022 मध्ये तिची झटपट सेवा बंद पडली. मेइतुआननं आपली ग्रुप बाइंग सेवा जून 2025 मध्ये बहुतेक भागांतून गुंडाळायला घेतली.

म्हणजे मंडईला सरकारनं वाचवलं? अर्धंच खरं. सरकारनं अ‍ॅपवाल्यांची फक्त सबसिडी थांबवली. स्वतःच्या खर्चात धंदा करा म्हटल्यावर बरेच जण टिकले नाहीत आणि मंडई टिकली. तिचा खर्च मुळातच कमी होता.

सरकारचा हा कळवळा भाजीवाल्यापुरता होता असंही नाही. फार मोठ्या झालेल्या खासगी कंपन्यांना वेसण घालायची तीच वेळ होती, आणि कोबी हे त्यासाठी सगळ्यांना कळणारं उदाहरण होतं.

जेव्हा मंडई खरंच बंद झाली

मंडईविना शहर कसं असतं, हे शांघायनं 2022 मध्ये पाहिलं. 28 मार्चला नदीच्या पूर्वेकडच्या आणि 1 एप्रिलला पश्चिमेकडच्या भागात लॉकडाऊन लागला आणि 1 जूनपर्यंत चालला. सुमारे अडीच कोटींचं शहर. मंडया बंद, बाहेर पडायला मनाई. लोक पहाटे उठून अ‍ॅपवर बोटं आपटत बसायचे आणि काही सेकंदांत माल संपलेला असायचा. अ‍ॅप चालू होतं, पण गोदामात माणसं नव्हती आणि रस्त्यावर डिलिव्हरीवाले नव्हते.

तेव्हा बदनाम झालेली ग्रुप बाइंगच कामाला आली. इमारतीतल्या कुणीतरी पुढाकार घ्यायचा, पन्नास घरांची ऑर्डर जमवायची आणि थेट पुरवठादाराकडून ट्रक मागवायचा. कोका कोलाचे कॅन चलनासारखे चालले, कॅन द्या आणि भाजी घ्या. सर्वांत हाल एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे झाले. रोज पायी मंडईत जाऊन आपलं भागवणाऱ्यांना अचानक शेजाऱ्याच्या मोबाईलवर अवलंबून राहावं लागलं. शांघायची अधिकृत नोंदणी असलेल्या रहिवाशांत साठीपुढचे लोक एक तृतीयांशाहून जास्त आहेत. त्यामुळे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नव्हता.

प्राडाची पिशवी आणि कांद्याची पात

आता मंडईला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे, ते मोबाईल समोर धरून येतं. 2021 च्या शरदात शांघायच्या वुलुमुची रस्त्यावरच्या ‘वुचोंग’ मंडईला ‘प्राडा’ या इटालियन ब्रँडनं दोन आठवड्यांसाठी आपल्या नक्षीच्या कागदात गुंडाळलं. भाजी घेतली की प्राडाची कागदी पिशवी. रांगा लागल्या. फोटो काढून पिशवी नेली आणि भाजी टाकून दिली, असे प्रकार झाल्याच्या बातम्या आल्या आणि त्यावर चीनमध्ये भरपूर टीका झाली. (पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2022 मध्ये, याच रस्त्यावर लोक कोरे कागद हातात धरून करोना निर्बंधांविरुद्ध उभे राहिले. प्राडाच्या कागदापेक्षा ते जगाच्या जास्त लक्षात राहिले.)

त्यानंतर ‘सुंदर मंडई’ची लाटच आली. कॉफीचा गाळा, फुलांचा गाळा, लाकडी पाट्या. सुचौ शहरातली ‘श्वांगथा’ मंडई आणि बीजिंगची ‘सानयुआनली’ पर्यटकांच्या यादीत आहेत. तरुण पोरं शहर बघायला गेली की देवळासारखी मंडईही बघतात. यात वाईट काही नाही. फक्त कॉफीचा गाळा जेवढं भाडं देऊ शकतो, तेवढं पालक विकणारा देऊ शकत नाही, आणि मंडई चालवणाऱ्या कंपनीला हे गणित कळतं.

मंदीचीही मंडईला एका अर्थानं मदत झाली. चीनमध्ये 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत महागाईचा दर जेमतेम 0.2 टक्के होता. घरांच्या किमती पडल्या, नोकऱ्या डळमळीत. लोक खर्च जपून करतात आणि बाहेरून मागवण्याऐवजी घरी शिजवणं बरं वाटतं. दुसरीकडे 2025 मध्ये जेडी, अलीबाबा आणि मेइतुआन यांच्यात झटपट डिलिव्हरीवरून पुन्हा सवलतींचं युद्ध पेटलं आणि नियामकानं पुन्हा कंपन्यांना बोलावून समज दिली. बरेच गाळेवाले आता स्वतःच या अ‍ॅपवर आहेत. समोर आयी वांगी निवडत असतात आणि बाजूला पिवळ्या जॅकेटमधला डिलिव्हरीवाला पिशवीची वाट बघत उभा असतो.

भारतानं यातून काय बघावं?

मे 2024 मध्ये मुंबईतल्या एका तरुणानं एक्सवर लिहिलं की अ‍ॅपवर कोथिंबिरीचेही पैसे द्यावे लागतात, हे बघून आईला धक्का बसला. ‘ब्लिंकिट’नं लगेच ठरावीक खरेदीवर कोथिंबीर फुकट देणं सुरू केलं. सगळे हसले, पण स्पर्धा नेमकी कुणाशी आहे हे कंपनीला बरोबर कळलं होतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये वितरकांच्या देशव्यापी संघटनेनं क्विक कॉमर्स कंपन्या तोट्यात विकून किराणा दुकानं मारत असल्याची तक्रार स्पर्धा आयोगाकडे केली. चीनच्या नियामकानं डिसेंबर 2020 मध्ये कंपन्यांना ऐकवलं, त्यातला मुख्य मुद्दा हाच होता. फरक आहे तो दोन्हीकडच्या व्यवस्थेत. चीनमध्ये एका टिपणानं आणि एका बैठकीनं भाव सरळ झाले. तिथं कंपनीला न्यायालयात जाऊन झगडायची सोय जवळपास नाही. भारतात ती आहे आणि असलीच पाहिजे, पण तोवर कोपऱ्यावरच्या गाडीचं काय, हा प्रश्न उरतो. शिवाय चीनमध्ये मंडई शहराच्या आराखड्यात आहे. आपल्याकडे पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, आणि तरी भाजीच्या हातगाडीवर अतिक्रमण विभागाची धाड पडतेच.

गाळ्यावर उद्या कोण बसणार?

शांघायच्या मंडईत गिऱ्हाईक शांघायचं असतं, विक्रेता बहुधा नसतो. तो आन्हुई, च्यांगसू, शानतोंग अशा प्रांतांतून वीस-तीस वर्षांपूर्वी आलेला. त्याची ‘हुकौ’, म्हणजे अधिकृत नोंदणी, गावातच आहे. ती बदलायची तर शिक्षण, नोकरी, विमा यांचे गुण लागतात, आणि गाळ्यावर बसून ते जमत नाहीत. मूल शांघायमध्ये वाढलं तरी कॉलेजची प्रवेश परीक्षा बहुधा नोंदणीच्या प्रांतात जाऊन द्यावी लागते. म्हणून बरीच मुलं आठवी-नववीच्या सुमारास आजी-आजोबांकडे गावी जातात. शांघायच्या 2035 पर्यंतच्या आराखड्यात लोकसंख्या अडीच कोटींवर ठेवायचं उद्दिष्ट आहे, म्हणजे नव्यानं येणाऱ्यांना दार किलकिलंच.

भाजीच्या टोपलीचं मूल्यमापन होतं तेव्हा भाव, पुरवठा, साठा, स्वच्छता बघितली जाते. टोपली उचलणाऱ्याचं वय त्यात कुठं येत नाही. गिऱ्हाईक सत्तरीला आलं आहे, गाळेवाला पन्नाशी ओलांडतोय, आणि त्याचा मुलगा गावाकडच्या शहरात नोकरी शोधतोय, नाहीतर पिवळं जॅकेट घालून दुसऱ्याच कुणाची तरी भाजी पोहोचवतोय. पहाटे दोनला उठून घाऊक बाजार गाठायला तो तयार नाही, आणि आई-बापांचीही त्यानं ते करावं अशी इच्छा नाही.